आभासी यंत्र व कंटेनर

संगणकावरील मूळ परिचालन प्रणाली न काढता तीवरच दुसरी प्रणाली चालविण्याच्या दोन पद्धती. पहिलीत प्रक्रियक, स्मृती, तबकडी इ. घटकांचा आज्ञावलीद्वारे आभास निर्माण करून संपूर्ण संगणक उभा केला जातो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. दुसरीत मूळ प्रणालीचा गाभा (कर्नल) सामाईक राहतो व फाइली, प्रक्रिया आणि जालजोडणी यांचे अलग कप्पे पाडले जातात. अशा कप्प्यास कंटेनर म्हणतात.

इतिहास : आभासी यंत्राची कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर प्रथम रुजली, व्हीएम/३७० ही तिची प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. व्यक्तिगत संगणकासाठी व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये आले. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकातच यासाठी सोय केली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. कंटेनरचे मूळ युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) सीएचरूट या आज्ञेत सापडते. डॉकरमुळे (२०१३) त्यांचा प्रसार झाला. लिनक्सच्या कंटेनरास लिनक्सचाच गाभा लागतो. त्यामुळे विंडोज किंवा मॅकओएस असलेल्या लॅपटॉपवर ते सामान्यतः एका लहान आभासी यंत्राच्या आत चालतात.

उपयोग : यवतमाळ, पुसद यांसारख्या ठिकाणी अभियांत्रिकी शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याच्या घरी एकच लॅपटॉप आहे, त्याच्याकडून तबकडीचे विभाजन करून लिनक्स बसविताना चूक झाली, तर घरातील सर्वांची कागदपत्रे नष्ट होण्याचा संभव असतो. आभासी यंत्रात तीच चूक सामान्यतः आभासी तबकडीच्या फाइलीपुरती मर्यादित राहते व पूर्वी नोंदवून ठेवलेल्या स्थितीवरून यंत्र पूर्ववत करता येते. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियनच्या आधारे तयार केलेली बॉस ही मुक्तस्रोत प्रणाली मराठीतही वापरता येते. तीही अशा रीतीने आधी पारखून घेता येते. कंटेनरची प्रतिमा एकदा उतरवून घेतली, की ती फाइलीच्या रूपाने पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यास देता येते. प्रत्येकास आंतरजालावरून ती पुन्हा घ्यावी लागत नाही.

मर्यादा : आभासी यंत्रास दिलेली स्मृती मूळ प्रणालीच्याच वाट्यातून जाते. ८ गिगाबाइट स्मृतीच्या लॅपटॉपवर एका यंत्रास २ ते ४ गिगाबाइट देता येतात. अशी अनेक यंत्रे एकदम चालविल्यास सर्वच काम मंदावते. कंटेनरास स्मृती कमी लागते. परंतु गाभा सामाईक असल्याने त्यातील दोषाचा फायदा घेऊन कप्प्याबाहेर पडणे शक्य असते. म्हणून अविश्वसनीय आज्ञावली तपासण्यास आभासी यंत्र अधिक योग्य ठरते. मात्र कोणतीही पद्धत राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. कारण लॅपटॉपची तबकडी निकामी झाली, तर मूळ व आभासी दोन्ही प्रणाली एकाच वेळी नाहीशा होतात.