पाटी बदलली, पगार तोच. मग झोप का उडाली?

आजचा विषय आयुध निर्माण्यांचा. जबलपूर, कानपूर, आवडी, देहरादून, भुसावळ, खडकी, भंडारा... तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरातला माणूस तिथे असणार. मी फौजेत होतो, म्हणजे या कारखान्यांचा गिऱ्हाईक. काडतूस त्यांचं, तंबूही त्यांचाच.

मे २०२० मध्ये निगमीकरणाची घोषणा झाली. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झालं आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं, यंत्र इंडियाचं नागपुरात. सुमारे सत्तर हजार कर्मचारी. त्यांना दोन वर्षांसाठी 'डीम्ड डेप्युटेशन'वर नव्या कंपनीत धरलं गेलं, केंद्र सरकारी सेवाशर्ती कायम ठेवून. पुढे ही मुदत वाढवली गेली.

लोक विचारतात, पगार तोच, पेन्शन तीच, मग ताण कसला?

डेप्युटेशन आम्हीही केलं. पण तेव्हा पलटण मागे उभी असते, परतायचं कुठे हे ठाऊक असतं. इथे मूळ मंडळच राहिलं नाही. मुदत संपली की काय? कंपनीत कायमचं जायचं का? गेलो तर पेन्शनचं काय? पन्नाशीतल्या माणसाला हे प्रश्न रात्री दोन वाजता पडतात.

शिवाय 'पगार तोच' हे अर्धंच खरं. कारखान्यातल्या कामगाराच्या हातात पडणारी रक्कम पीसवर्क आणि ओव्हरटाइमवरही ठरते. पूर्वी फौजेची मागणी यायची, माल जायचा. आता कंपनीला ऑर्डर मिळवायची आहे, ताळेबंद दाखवायचा आहे. सुरुवातीला सातही कंपन्यांच्या हाती मिळून ६५,००० कोटींहून अधिकची कामं होती, पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. दारूगोळा संपतो, पुन्हा लागतो. गणवेशाचं कापड खासगी गिरणीही विणते. एकाच सुधारणेत एकाच्या शॉपमध्ये कामाचा ढीग आणि दुसऱ्याच्या शॉपमध्ये सामसूम. सामसुमीचा ताण मोठा असतो, हे माझं मत.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून 'व्हाइटहॉल दोन' नावाचा अभ्यास चालला, दहा हजारांवर लोकांचा. त्यातलं एक खातं खासगी होणार अशी बातमी आली. संशोधकांनी तपासलं, तर प्रत्यक्ष बदल होण्याआधीच, नुसत्या चाहुलीच्या काळात, त्या खात्यातल्या लोकांची तब्येत इतरांच्या तुलनेत घसरली होती. नोकरी कोणाचीच गेली नव्हती तेव्हा! आपल्याकडे घोषणा आणि अंमल यांत सोळा महिने गेले. मध्ये करोना, आणि संपाला बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा अध्यादेश.

सुधारणा नको होती असं मी म्हणत नाही. दोनशे वर्षांची व्यवस्था होती, हलवायला हवी होती. पण माणसांना कसं सांगितलं जातं यावर बरंच अवलंबून असतं. फौजेत अफवेला 'लंगर गप' म्हणतात. लंगरात चहासोबत जन्मते आणि संध्याकाळपर्यंत पलटणभर होते. तिच्यावर उतारा एकच, सैनिक संमेलन. सीओ समोर उभा राहून सांगतो: एवढं ठरलंय, एवढं ठरलेलं नाही, पुढचं अमुक तारखेला सांगेन. 'ठरलेलं नाही' हे ऐकूनसुद्धा जवान शांत झोपतो, कारण तारीख मिळालेली असते. शॉपच्या फोरमनला हे करायला कोणाची मंजुरी लागत नाही.

घरच्यांनी एवढं बघा: माणूस गप्प झालाय, पिणं वाढलंय, सुट्टीच्या दिवशीही चिडतोय. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नाव सांगायची सक्ती केली तर काय, या भीतीने लोक फोन करत नाहीत. आधी नुसतं बोलून बघा.

आणि एक कारकुनी काम. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी असा नियम आहे. रजा, वेतननिश्चिती, वारसनोंद तपासा, चूक असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे काम याच महिन्यात उरका.