कनेक्टरने वायर जोडायची पण, आणि धरायची पण

या आठवड्याच्या व्हिडिओत थ्री प्लस वन वायरला बीएनसी आणि डीसी पिन कशी बसवायची ते दाखवलं. व्हिडिओत हात दिसतात, पण "असंच का?" हे सांगायला वेळ पुरत नाही. ते इथे सांगतो. सीसीटीव्हीचं काम नवीन सुरू केलेल्यांनी हा लेख नीट वाचा. डिश आणि लोकल केबलच्या धंद्यातून कॅमेऱ्याकडे वळलेल्यांनी तर वाचाच, कारण त्यांच्या हाताला काही जुन्या सवयी असतात.

साखरखेर्डा आणि आजूबाजूच्या खेड्यांत कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक कोण? कृषी केंद्र, सोयाबीन-तूर घेणारा व्यापारी, सराफाचं दुकान, शाळा, शेतातला गोठा. दुकानातलं काम सोपं असतं. वायर १५-२० मीटर लागते, डोक्यावर छप्पर असतं. गोदाम आणि गोठ्याचं तसं नाही. तिथे वायर ६० मीटर जाते. मधे लिंबाचं झाड, पत्र्याची कड, उन्हाळ्यात चाळिशी पार केलेलं ऊन, जूनमध्ये वादळी पाऊस, आणि वर्षभर माकडं. माकड वायरला लोंबकळलं की तुमचा कनेक्टर कसा बसवलाय ते लगेच कळतं.

आणि मग फोन येतो: "भाऊ, दिवसा चित्र येते बरोबर, रात्री काऊन जाते?"

या एका प्रश्नात पूर्ण विषय आहे. पण त्याआधी वायर आतून बघू.

थ्री प्लस वन म्हणजे एक कोअॅक्सियल वायर आणि तिच्या सोबतीला तीन बारीक वायरी, सगळं एका आवरणात. कोअॅक्सियलमध्ये मधोमध एक कोर, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर तारांची जाळी, मग बाहेरचं प्लॅस्टिक. चित्र कोरमधून जातं. जाळी त्याची परतीची वाट असते आणि बाहेरच्या गडबडीपासून त्याला सांभाळतेही. तीन बारीक वायरींतून कॅमेऱ्याला १२ व्होल्ट डीसी जातो. एक बहुतेक वेळा मोकळी राहते, किंवा माईकला लागते.

आता कनेक्टरचं काम बघा. सगळे म्हणतात, करंट जोडणं. ते अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे वायर धरणं. वायरवर ओढ येणारच, वाऱ्याची, वजनाची, माकडाची. ती ओढ कुणावर आली पाहिजे? बाहेरच्या आवरणावर आणि जाळीवर. कोरवर अजिबात नाही. कोर केसासारखी नाजूक असते, तिने फक्त सिग्नल न्यायचा. चांगल्या कनेक्टरची रचना म्हणजे हीच वाटणी. दोरीचं काम आवरण आणि जाळीला, करंटचं काम कोरला. एवढं डोक्यात ठेवलं की बाजारातला कुठलाही कनेक्टर हातात घेऊन तो कामाचा आहे की नाही ते तुम्हीच सांगाल.

बीएनसीचे प्रकार

बीएनसी हे नाव दोन इंजिनिअरांवरून पडलं, नील आणि कॉन्सेलमन. 'बी' म्हणजे बायोनेट. बंदुकीच्या संगिनीसारखं घालायचं आणि पाव फेरा फिरवायचं. सॉकेटवर दोन छोटे खिळे असतात, ते खाचेत जाऊन बसतात. आत स्प्रिंग असते, तिच्या दाबाने जोड थरथराटात सुटत नाही. म्हणजे डीव्हीआरच्या बाजूने हा कनेक्टर पक्का धरतो. सगळा प्रश्न वायरच्या बाजूचा आहे, आणि तिथे दुकानात तीन-चार जाती मिळतात.

पहिली जात, वायरवाला मोल्डेड बीएनसी. कनेक्टर कारखान्यातूनच बंद होऊन येतो आणि मागे दोन बारीक वायरी लोंबतात. आपण कोर एकीला पिळतो, जाळी दुसरीला पिळतो, वर काळी टेप. दोन मिनिटांत काम, म्हणून सगळ्यात जास्त खपतो. पण इथे वायरीला धरतं कोण? टेप. मे महिन्यात तिचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. शिवाय पिळलेल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जाळीचं संरक्षण नाही. दुकानाच्या आत, डीव्हीआरच्या पेटीत, जिथे काही हलत नाही, तिथे चालून जाईल. खांबावर मी तो कधीच लावायला सांगत नाही.

दुसरी, स्क्रूवाला. पितळी अंग, कोर दाबायला बारीक स्क्रू, जाळी दाबायला मागे पत्र्याचे पंजे, शेवटी वायर मोडू नये म्हणून स्प्रिंग. याची कल्पना चांगली आहे, कारण जाळी आणि आवरण पंजात येतं. दोनच अडचणी. स्क्रू जास्त आवळला तर कोर कापली जाते, कमी आवळला तर सुटते. आणि पंजा नुसता बोटाने दाबून सोडला तर तो काहीच धरत नाही. पक्कडने दाबा. जमलं तर कोरला स्क्रूच्या जोडीला डाग द्या.

तिसरी, क्रिंपवाला. मी याच्या बाजूचा आहे, आधीच सांगतो. यात तीन भाग असतात: अंग, मधली पिन, आणि एक मोकळी नळी, म्हणजे फेरूल. आधी नळी वायरवर सरकवून ठेवायची. हे दहातले आठ जण पहिल्यांदा विसरतात आणि सगळं उलगडून पुन्हा करतात. मग आवरण सोलायचं, जाळी मागे फुलवायची, फोम सोलायचा, कोरवर पिन दाबायची. कनेक्टरच्या मागचा बारीक गळा फोमच्या वर आणि जाळीच्या खाली घालायचा. जाळी त्या गळ्यावर पसरवायची, नळी पुढे आणायची आणि टूलने सहा बाजूंनी दाबायची. आता जाळी दोन धातूंच्या मधे चारी बाजूंनी चिमटली गेली. ओढलं तर ओढ जाळीवर येते, पिनला पत्ताच लागत नाही. जाळीची एक जरी तार कोरला लागली तर मात्र शॉर्ट होतो आणि चित्र येत नाही, म्हणून दाबण्याआधी डोळे फाडून बघा.

कॉम्प्रेशनवाला याच कल्पनेचा पुढचा भाऊ. नळी चेपण्याऐवजी एक रिंग मागून आत ढकलली जाते, पकड पूर्ण गोल बसते, पाणीही कमी शिरतं. टूल वेगळं आणि महाग. रोजचं काम असेल तर घ्या.

आता खरी गोम. क्रिंप कनेक्टर एका ठरावीक जाडीच्या वायरसाठी बनवलेला असतो. आरजी-५९ वायर बाहेरून साधारण ६ मिलिमीटर, आरजी-६ जवळजवळ ७, आरजी-५८ साधारण ५. क्रिंपिंग टूलच्या जबड्यावर आकडे असतात. .२५५ इंचाची खाच आरजी-५९ साठी, .२१३ ची आरजी-५८ साठी. आणि स्वस्तातल्या थ्री प्लस वनमधली कोअॅक्सियल बऱ्याचदा आरजी-५९ पेक्षा बारीक निघते! मग पोरं म्हणतात, "सर, क्रिंप केलेलं पण निघून आलं." निघणारच, सैल बुटात पाय राहील का? बंडल घेताना सोबत व्हर्नियर ठेवा, कोअॅक्सियल मोजा, आणि त्याच मापाचा कनेक्टर त्याच दुकानातून घ्या. क्रिंप झालं की प्रत्येक जोड हाताने ओढून बघा, अगदी जोर लावून. सुटायचाच असेल तर शिडीवर चढायच्या आधी सुटू द्या.

डिशवाल्यांची सवय

डिशच्या एफ कनेक्टरला वेगळी पिन नसते. वायरीची कोरच पिन म्हणून पुढे येते. म्हणून डिशच्या वायरची कोर ताठ लागते, आणि म्हणून ती बऱ्याचदा लोखंडाची असते, वर तांब्याचा मुलामा. डिशचा सिग्नल फार जास्त फ्रिक्वेन्सीचा, तो कोरच्या कातडीवरूनच पळतो, आत लोखंड असलं तरी फरक पडत नाही. त्याच वायरमधून छत्रीवरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टही जातात, पण अंतर थोडं आणि एलएनबीची भूक लहान, म्हणून निभतं.

कॅमेऱ्याचा सिग्नल तसा नाही. तो खालच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरू होतो आणि कोरच्या आतूनही जातो. लांबच्या कामाला उरलेल्या डिशच्या वायरचा तुकडा जोडला तर चित्र फिकट पडतं. लोहचुंबक खिशात ठेवा. कोरला चिकटलं तर ती वायर डिशलाच राहू द्या. एक लक्षात घ्या, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर चुंबक सांगणार नाही. तिथे ब्लेडने कोर खरवडा, आत पांढरं दिसलं की समजा.

रात्री कॅमेरा का जातो

आता आपल्या फोनवाल्या गिऱ्हाइकाकडे येऊ. चित्राची वायर ठीक आहे. बिघाड बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या बाजूला असतो.

पॉवरची बारीक वायर पाव चौरस मिलिमीटर तांब्याची धरा. तिचा रोध मीटरला साधारण ०.०७ ओहम. कॅमेरा ६० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर, एकूण ८ ओहमच्या थोडं वर. दिवसा कॅमेरा समजा ०.१५ अँपिअर घेतो, तर वाटेत सव्वा व्होल्ट जातो आणि कॅमेऱ्याला पावणेअकरा मिळतात. तो चालतो. रात्री आयआर एलईडी पेटले की तोच कॅमेरा ०.३५ अँपिअर मागतो. आता जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच संपले, उरले ९. त्यात डीसी पिनचा जोड नुसता पिळलेला, गंजलेला, त्याने स्वतःचे दोन-तीन ओहम घातले तर ८ च्या आसपास. कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की भार जातो, व्होल्ट वर येतात, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, एलईडी पेटतात, पुन्हा बंद. गिऱ्हाईक म्हणतो, कॅमेरा लपालपा करतो. वायर अॅल्युमिनियमची असेल तर रोध दीडपटीच्या वर जातो, मग गंजाचीही गरज नाही.

आपण जाऊन पिन काढतो, मल्टिमीटर लावतो, १२ दाखवतो. "वायर बरोबर आहे, कॅमेराच गेला." अहो, पिन काढली म्हणजे करंटच वाहत नाही, मग व्होल्ट पडतील कुठून? कॅमेरा जोडलेला असताना मोजा. दिवसा जायचं असेल तर कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर, लाईट सेन्सर झाकला जाईल असा हात ठेवा. त्याला वाटतं रात्र झाली, एलईडी पेटतात, आणि खरा आकडा मीटरवर येतो.

उपाय सोपा आहे. माईक नसेल तर तिसरी मोकळी वायर निगेटिव्हला दोन्ही टोकांना जोडून द्या. रोध ८ वरून साधारण ६ ओहमवर येतो, कॅमेऱ्याला पाऊण व्होल्ट जास्त मिळतो. त्याहून लांब असेल तर पॉवरची जाड वायर वेगळी टाका, किंवा एसएमपीएसच कॅमेऱ्याजवळ पेटीत बसवा.

डीसी पिनचंही माप असतं. बाहेरून ५.५ मिलिमीटर, आतलं भोक २.१. दिसायला सारखीच पण २.५ भोकाची पिनही मिळते. ती कॅमेऱ्याच्या २.१ च्या काडीवर सैल बसते, वारा आला की संपर्क तुटतो. हिरव्या स्क्रूवाल्या डीसी पिनने जोड चांगला होतो, पण तिला वायर धरायला काहीच रचना नाही. म्हणून ती उघड्यावर लावायची नाही. जंक्शन बॉक्स घ्या, वायर आत घेताना आवरणासकट टायने बॉक्सच्या अंगाला बांधा, आत हातभर ढिला वळसा ठेवा, मग पिन. आता ओढ टायवर येते. कनेक्टरला जे जमत नाही ते बॉक्स करतो. वायर बॉक्समध्ये खालून घ्या, आणि बाहेर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळून जाईल, आत येणार नाही.

पैशांचं बोलू. चार कॅमेऱ्यांना ८ बीएनसी आणि ४ डीसी पिन लागतात. एका नगामागे १५ रुपये जास्त धरले तरी १८० रुपये. वीस किलोमीटरवरच्या गोदामाला एक फुकट चक्कर म्हणजे लिटरभर पेट्रोल आणि अर्धा दिवस, शिवाय गिऱ्हाईक चार लोकांत काय बोलतो ते वेगळं. कोटेशनमध्ये "कनेक्टर, क्रिंप टाईप, १२ नग" अशी वेगळी ओळ लिहा. "फिटिंग साहित्य" असं मोघम लिहिलं की गिऱ्हाईक तिथेच घासाघीस करतं. ओळ वेगळी असली की विचारतं, आणि विचारलं की तुम्हाला सांगता येतं.

जाता जाता सोलरचं. आता शेतोशेत सौर पंप आलेत आणि कॅमेरावाल्यालाच विचारतात, "जरा हे पण बघता का?" पॅनलच्या वायरीवर जो काळा कनेक्टर असतो, एमसी-४, तो या विषयातला उत्तम नमुना आहे. मागची टोपी फिरवली की आतला रबर आणि प्लॅस्टिकची बोटं वायरच्या आवरणाला चहूबाजूंनी आवळतात, पाणीही अडतं आणि ओढही. पण तिथे १२ व्होल्ट नाहीत. पॅनल एकापुढे एक जोडल्याने डीसी शेकड्यांत जातो, आणि पंप चालू असताना तो कनेक्टर ओढला तर ठिणगी लवकर विझत नाही, हात भाजतो. आधी पंप बंद, मग डीसीचा स्विच बंद, मगच हात. कंपनीची देखभालीची मुदत चालू असेल तर तोही लावू नका, शेतकऱ्याला कंपनीकडे तक्रार नोंदवायला सांगा.

पुढच्या व्हिडिओत आठ कॅमेऱ्यांना ५ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो की १० चा घ्यायचा, ते मीटर लावून बघू.