नोकरी सोडावीशी का वाटते?

छातीत धडधड, पित्त, आखडलेली मान, पहाटे तीनला उघडणारे डोळे. अशा तक्रारी घेऊन तिशी-चाळिशीतली माणसे ओपीडीत येतात. ईसीजी ठीक निघतो. कामाबद्दल विचारले की खरे बाहेर येते: ‘डॉक्टर, नोकरीच सोडून द्यावी वाटते.’ यात शिक्षक असतात, एसटीचे वाहक असतात, वसुलीला फिरणारी फायनान्सवाली मुले असतात आणि कंत्राटी परिचारिकाही.

हा आळस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. हा आजार नाही, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम आहे. अंगातले त्राण संपते, कामाविषयी तुटकपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागते.

दोष सहसा कामाच्या ओझ्याला दिला जातो. ते अर्धेच खरे. काम भरपूर आणि ते कसे, कधी करायचे यावर आपला ताबा नाही, ही जोडी घातक असते, असे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडले. पुढे लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात असा ताबा कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त आढळला. साहेबापेक्षा शिपायाला धोका अधिक! म्हणून रिक्त पदे न भरता तणावमुक्ती शिबिरे घेणाऱ्या कार्यालयांचे मला नवल वाटते.

ताबा पुरता गेला की काय होते, हे बीडला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये राज्य समितीने केलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती, पण पाळीतले खाडे टळावेत हे त्यातले एक. काम सोडता येईना, म्हणून पिशवी काढून टाकली.

राजीनाम्याचा विचार करणाऱ्यांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. थकव्याचे मूळ कधी तिथेच सापडते. सुटीत, लग्नकार्यातही मन रमत नसेल, भूक-झोप गेली असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना भेटा किंवा १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

तपासण्या ठीक असतील, तर नवी नोकरी जरूर शोधा. मात्र पगाराबरोबर तिथे साप्ताहिक सुटी खरेच मिळते का, ड्युटीचा तक्ता आधी कळतो का आणि अडचण सांगितली तर वरिष्ठ ऐकून घेतात का, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्याला विचारा.