अकरा मिलिव्होल्टचा गंधार

आमच्या घरातली पेटी गेल्या वर्षी दिवाळीनंतर बंद पडली. पेटीला काही झालं नव्हतं. झालं होतं अण्णांच्या डाव्या खांद्याला. न्हाणीघरात पाय घसरला, हाड मोडलं, यथावकाश जुळलंही. पण भाता मारायला जो हात लागतो तो पूर्वीसारखा हलेना. उजवा हात ठणठणीत. म्हणजे बोटं शाबूत आणि हवा नाही, अशी गत! पन्नासएक वर्षं पेठेतल्या भजनांना साथ केलेला हा माणूस रोज संध्याकाळी पेटीवरची धूळ पुसायचा आणि तिला पुन्हा खोळ घालून ठेवायचा. ते बघवेना, म्हणून एक दिवस मी बोलून गेलो, ‘‘अण्णा, बिनभात्याची पेटी करू या.’’

‘‘मिळतात की बाजारात तसली खेळणी,’’ एवढंच ते म्हणाले.

ते खेळणं मला नको होतं. कॉलेजात असताना ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’मधली सर्किटं जोडून घरातल्यांचे कान किटवण्याचा मला अनुभव होता. सिंथेसायझर म्हणजे तरी काय? अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपलं पहिलं यंत्र उभं केलं, त्याच्या मुळाशी असलेली युक्ती अगदी साधी आहे. विजेचा दाब एक व्होल्टनं वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. सुराला व्होल्टची मोजपट्टी लावली, एवढंच! हे यंत्र आपल्याकडेही फार लवकर आलं. १९६९ मध्ये डेव्हिड ट्युडर या अमेरिकन संगीतकारानं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग बसवला आणि गीता साराभाईंसारख्या मंडळींनी त्यावर प्रयोग केले. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा मात्र परदेशातले लोक चकित झाले.

तर आमची खरेदी सुरू झाली तपकीर गल्लीत. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कंडेन्सर, व्हेरोबोर्ड असा किरकोळ माल, पण प्रत्येक वस्तूसाठी दुकान वेगळं. रविवारच्या जुन्या बाजारात लहान मुलांचा एक मुका कीबोर्ड मिळाला. त्याच्या आतलं सगळं काढून टाकलं, पट्ट्या तेवढ्या ठेवल्या. खोकं म्हणून माळ्यावरच्या मर्फी रेडिओचं कॅबिनेट खाली आलं. त्याला भोक पाडताना आईचा जीव खालीवर होत होता. रेडिओ मुका होऊन तीस वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डरिंग केल्याबद्दल मी घरातल्या दोन पिढ्यांची बोलणी खाल्ली. एक कंडेन्सर उलटा जोडला गेला, तो फटाक्यासारखा फुटला. मुलीला सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्याचा.

शेवटी एकदाचा सूर निघाला. सा ते वरचा सा, तेरा पट्ट्या. बारा सारखे रेझिस्टर एकापुढे एक जोडून एका व्होल्टचे बारा समान तुकडे केले होते. मीटरवर सगळं काटेकोर. अण्णांना काळी एकचा षड्ज लावून दिला. त्यांनी तानपुऱ्याचं यंत्र सुरू केलं, सा दाबला, मान हलवली. पंचमावरही काही बोलले नाहीत. मग गंधार दाबला आणि बोट चटका बसल्यासारखं उचललं.

‘‘चढलाय.’’

मी मीटर दाखवला. गंधार ३३३ मिलिव्होल्ट, हिशोबात जसा हवा तसा. ‘‘तो आकडा तुझा. गंधार चढलाय,’’ अण्णा पुन्हा म्हणाले आणि उठून गेले.

रात्री कागद घेऊन बसलो. षड्जाची चार कंपनं होतात तेवढ्यात शुद्ध गंधाराची पाच व्हायला हवीत. हे प्रमाण व्होल्टमध्ये मांडलं तर येतात ३२२. माझ्या समान तुकड्यांनी गंधार अकरा मिलिव्होल्टनं वर नेऊन ठेवला होता! पंचमात मात्र फरक जेमतेम दोनाचा, म्हणून तो निभावला. व्होल्टचा शंभरावा हिस्सा अण्णांनी नुसत्या कानानं पकडला होता. मग लक्षात आलं, त्यांची जुनी पेटीही कारागिरानं त्यांच्या षड्जाला धरून, एकेक सूर कानशीनं घासून लावलेली होती. माझ्याकडे कानस नव्हती. मी सरळ तेरा प्रिसेट विकत आणले, प्रत्येक सुराला एक.

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी. अण्णा खुर्चीत, तानपुरा सुरू, मी हातात बारीक पेचकस घेऊन जमिनीवर. ‘‘उतर. अजून. थांब, जरा वर.’’ ते डोळे मिटून सांगायचे, मी पीळ द्यायचो आणि चोरून मीटर बघायचो. गंधार थांबला तो ३२२ वर. कागदावरचा हिशोब मी त्यांना दाखवला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी वरचा षड्ज उतरलेला. पहाटे चढलेला. ट्रान्झिस्टरला पुण्याची हवा आपल्यापेक्षा जास्त बाधते, हे मी विसरलो होतो. ऊन वाढलं की सप्तक आखडतं, गारठा पडला की ताणलं जातं. एकाच गुणाचे दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवले, उष्म्याबरोबर वाढणारा एक रेझिस्टर त्यांना टेकवून बसवला, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं.

एक गोष्ट मी न सांगता केली होती. पट्टीकडून सुराकडे जाणाऱ्या दाबाच्या वाटेत एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर घातला. कंडेन्सर भरायला वेळ घेतो, त्यामुळे दाब उडी न मारता सरकतो आणि सूरही एका जागेवरून दुसरीकडे घसरत जातो. म्हणजे मींड. पेटीला मींड येत नाही, या आणि अशा आरोपांपायी आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत चालली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जे वाद्य गाजवलं, त्याचा रेडिओवर तीस वर्षं वनवास! अण्णांना त्याची चीड अजून आहे.

बटण फिरवून मी म्हटलं, ‘‘आता गंधारावरून षड्जावर या.’’ सूर ओघळत खाली आला. अण्णांनी हात मागे घेतला, मग पुन्हा तेच केलं. पुन्हा केलं. बराच वेळ तेवढंच चाललं होतं. आई दारात येऊन उभी राहिली, काही न बोलता परत गेली.

हल्ली संध्याकाळी तासभर ते वाजवतात. तक्रारी आहेतच. परवाची नवी. ‘‘याला दम नाही रे. बोट ठेवलं की सूर ठोंब्यासारखा उभा. भात्यानं कसं, मध्येच थोडं कमी करता येतं, श्वास घेता येतो.’’ म्हणणं खरं आहे. डावा हात नसला तरी पाय आहेत. पायानं दाबायची लाकडी पट्टी आणि तिच्याखाली आवाज कमी-जास्त करणारा कंट्रोल, एवढ्यानं काम व्हावं. येत्या रविवारी जुन्या बाजारात शिलाई मशिनचं मोडकं पायडल मिळतंय का बघायचं आहे. अण्णा म्हणतात, मीही येतो.