शेकोटीच्या फळीवरची रंगभूमी

मी विकत घेतलेली पहिली जेनी लिंड नकली निघाली. वजनाला हलकी, आतून गुळगुळीत आणि तळाला बोट सहज जाईल एवढे भोक. ओतीव मालाची ही खूण. जुन्या स्टॅफर्डशायर मूर्ती ओतत नसत. प्लास्टरच्या साच्याच्या दोन भागांत मातीची पोळी हाताने दाबून ते भाग जोडत. पेणला साच्यातून गणपती काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये. अशा मूर्तीच्या तळाला भट्टीतली हवा निघण्यापुरते बारीक छिद्र असते. सोनेरी रंगही पाहावा. जुना मऊ दिसतो, पुढच्या काळातला भडक चमकतो. हे सारे मी पैसे गेल्यावर शिकलो.

या मूर्ती इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात साध्या घरांतून त्या शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकून मांडत. मागची बाजू कोणी पाहणार नाही, म्हणून ती सपाट आणि बहुधा कोरीच.

नट कसा ओळखायचा? चेहऱ्यावरून मुळीच नाही. कारागिरासमोर नट नसे; असे एखादे छापील चित्र किंवा गाण्याच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ. म्हणून आपणही पोशाख, हाताची ठेवण आणि मूळ चित्र शोधायचे. जेनी लिंड 4 मे 1847 रोजी लंडनमध्ये मायरबेअरच्या ऑपेरात अ‍ॅलिस म्हणून प्रथम उभी राहिली. तिची मूर्ती त्याच भूमिकेतली. शार्लट कुशमन आणि तिची बहीण सुझन यांनी 1845 च्या डिसेंबरात हेमार्केटमध्ये रोमिओ आणि ज्युलिएट केले. रोमिओ शार्लट! बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही, फक्त उलट्या बाजूने. तळावरच्या नावावरही विसंबू नये. बेंजामिन फ्रँकलिनच्या मूर्तीवर ‘वॉशिंग्टन’ असे लिहून ती विकली गेल्याचे संग्राहकांना चांगले ठाऊक आहे.

माझे मन मात्र एका मूर्तीपाशी अडते. एलन ब्राइट ही वोम्बवेलच्या फिरत्या प्राणिसंग्रहातली ‘सिंहांची राणी’. जानेवारी 1850 मध्ये चॅटम येथे पिंजऱ्यात वाघाने तिचा जीव घेतला. वय सतरा. कुंभारांनी तिची मूर्ती काढली आणि तळावर लिहिले, ‘सिंहांच्या राणीचा मृत्यू’. वर ती प्राण्यांच्या मध्ये ताठ उभी आहे. खाली शब्द तिला मेलेली सांगतात. व्हॅन अँबर्ग हा अमेरिकी सिंह-शिक्षक राणी व्हिक्टोरियाने 1839 मध्ये पुन्हा पुन्हा जाऊन पाहिला. त्याचीही मूर्ती आहे, पण ती विजयाची.

या मालाला लोककला म्हणून गोंजारण्याची संग्राहकांत चाल आहे. ती मला अर्धीच पटते. 1841 मध्ये सॅम्युएल स्क्रिव्हन या सरकारी तपासनिसाने तिथल्या कारखान्यांत कामाला असलेल्या मुलांच्या जबान्या नोंदवल्या. साच्यात माती दाबायलाही मुले असत. ती एलनपेक्षा लहान होती. एखाद्या मूर्तीच्या कोऱ्या पाठीवर माती चेपल्याचा ठसा दिसला, की मी तो पुसत नाही, त्यावर बोट ठेवून पाहतो. माझे बोट बहुतेकदा मोठे पडते.