सगळीकडे एकच कंट्रोल-सी

पत्र असो, हिशेबाचा तक्ता असो की ईमेल, मजकूर उचलायला कंट्रोल-सी आणि चिकटवायला कंट्रोल-व्ही. ही एकवाक्यता आपोआप आलेली नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात ‘ब्राव्हो’ हा मजकूर संपादित करण्याचा प्रोग्रॅम होता. त्यात आज्ञा देण्याच्या अवस्थेत ई, डी, आय, टी ही अक्षरे टाइप झाली, तर सगळा मजकूर निवडला जाई, पुसला जाई आणि जागी एकटा ‘टी’ उरे! हा जाच संपवण्यासाठी लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास ‘जिप्सी’ घडवला. कट-कॉपी-पेस्टची आजची रीत तिथली.

ॲपलने १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये निवडणे, खोडणे, चिकटवणे यांसाठीचा ‘टेक्स्टएडिट’ हा सामाईक भाग ६४ केबीच्या रॉममध्येच बसवला. प्रत्येक प्रोग्रॅमरने ते काम नव्याने लिहायची गरज उरली नाही. माझ्या मते खरी क्रांती हीच. आयबीएमनेही १९८७मध्ये प्रोग्रॅम कसे वापरायचे याची स्वतःची नियमावली आणली. तिच्यातला शिफ्ट-इन्सर्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये दाबून पाहा, मजकूर आजही चिकटतो.