क्ष-किरण तंत्रज्ञ घडतो कसा?

लखनौमधील गोमती नगरच्या विभूती खंडात डॉ. राममनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्थान आहे. वैद्यकीय शिक्षणाबरोबरच परिचर्या व निमवैद्यकीय शाखांचे शिक्षणही या शासकीय संस्थेत दिले जाते. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयातील क्ष-किरण विभागाबाहेर सकाळपासून रांग असते. चित्र काढणारी व्यक्ती रुग्णाच्या दृष्टीस जेमतेम दोन-तीन मिनिटे पडते. श्वास रोखण्यास सांगितले जाते, बटण दाबले जाते आणि काम आटोपते. एवढ्यासाठी तीन-चार वर्षे शिकण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न रांगेतील माणसास पडल्यास नवल नाही. मात्र या शिक्षणाचा मोठा भाग बटण केव्हा दाबू नये, याविषयीच असतो.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. या किरणांची किंमत सर्वप्रथम मोजली ती ते हाताळणाऱ्यांनीच. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे प्रयोगांदरम्यान वारंवार स्वतःचा हात किरणांसमोर धरीत असत. कर्करोगाने १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. किरणांपासून संरक्षण हा विषय अभ्यासक्रमात आरंभापासून शिकविला जातो, त्यामागे हा इतिहास आहे.

बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यास येथे प्रवेश मिळतो. पदवी अभ्यासक्रम साधारणतः तीन वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पदविका सामान्यतः दोन वर्षांची असते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे पायाभूत विषय होत. क्ष-किरण नलिकेत इलेक्ट्रॉनचा झोत टंगस्टनवर आदळतो, तेव्हा त्यातील सुमारे ९९ टक्के ऊर्जेची उष्णता होते आणि किरणांच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येते. किरण किती भेदक असावेत हे किलोव्होल्टवर, तर ते किती प्रमाणात निघावेत हे मिलिअँपिअर आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. स्थूल प्रौढाची कंबर आणि तान्ह्या बाळाची छाती यांसाठी हे आकडे सारखे असू शकत नाहीत, आणि ते ठरविता येणे हे तंत्रज्ञाचे पहिले कौशल्य.

दुसरे कौशल्य रुग्णास योग्य स्थितीत उभे करण्याचे वा निजविण्याचे. छातीचे चित्र शक्यतो पाठीमागून, सुमारे १८० सेंटिमीटर अंतरावरून काढले जाते. हृदय छातीच्या पुढील भागात असते. ते पटलाच्या जवळ आले आणि किरणांचा उगम दूर राहिला, म्हणजे त्याची सावली अवाजवी मोठी पडत नाही. खांदे पुढे झुकविले की खवाट्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. हाड मोडल्याची शंका असल्यास एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांनी चित्रे घ्यावी लागतात, कारण एका बाजूने अखंड दिसणारे हाड दुसऱ्या बाजूने दुभंगलेले आढळू शकते. डावी-उजवी बाजू दर्शविणारे शिशाचे अक्षर चित्रात उमटलेच पाहिजे, हा नियम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडला जातो. ते अक्षर चुकले, तर पुढे शल्यचिकित्सकाचा हात भलत्याच बाजूस जाण्याचा धोका असतो.

फिल्मच्या जमान्यात अंधाऱ्या खोलीतील रसायनांचे काम शिकावे लागे. आता संगणकीय पटले आली आणि काम सुकर झाले. परंतु त्यातून एक नवा, सहजी लक्षात न येणारा प्रश्न उद्भवला. फिल्मवर किरण जास्त पडले, तर ती काळीठिक्कर होत असे आणि चूक तत्काळ उघडी पडे. संगणकीय चित्रात मात्र किरण जास्त पडले तरी चित्र सुरेखच दिसते, किंबहुना अधिक स्वच्छ दिसते. कमी पडले तर ते कणीदार होते आणि डॉक्टरांची नाराजी ओढवते. साहजिकच हात सढळ होत जातो आणि रुग्णाला मिळणारी मात्रा कोणाच्या नकळत वाढत राहते. चित्रासोबत यंत्र जो मात्रा-निर्देशांक दाखविते तो प्रत्येक वेळी वाचावा, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते ते याचसाठी. चित्र बिघडल्यास ते पुन्हा काढावे लागते, म्हणजेच रुग्णाला कोणताही अधिक लाभ न होता दुसऱ्यांदा किरण सोसावे लागतात. अशा चित्रांची कारणांसह नोंद ठेवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

सीटी स्कॅनच्या बाबतीत हे भान अधिकच आवश्यक ठरते. छातीच्या साध्या चित्रात रुग्णाला मिळणारी मात्रा एक मिलिसिव्हर्टच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये ती काही मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. कर्मचाऱ्यांसाठी मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. तंत्रज्ञ छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, टीएलडी बिल्ला लावतो आणि तो ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत मोजणीसाठी पाठविला जातो. एप्रन घडी न घालता टांगूनच ठेवायचा असतो. घडीच्या जागी आतील शिशाला तडे जातात, ते बाहेरून दिसत नाहीत आणि किरण नेमके तेथूनच आत येतात. प्रजननक्षम वयातील स्त्री रुग्णास गर्भधारणेच्या शक्यतेविषयी विचारावे लागते. बाहेर नातेवाइकांची गर्दी असताना हा प्रश्न आडपडदा राखून कसा विचारावा, हे पुस्तकातून कळत नाही. ते ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या हाताखालीच शिकावे लागते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून ते यंत्र निर्धोक असा अनेकांचा समज असतो. दीड टेस्ला क्षमतेचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते. द्रवरूप हेलियमने थंड राखलेले हे चुंबक तपासणी संपल्यावर, रात्री, सुटीच्या दिवशीही चालूच असते. मुंबईतील नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असा आरोप कुटुंबीयांनी केला. त्याआधी २०१४ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्या मध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते. त्यामुळे एमआरआयचे प्रशिक्षण यंत्रापाशी नव्हे, तर दारापाशी सुरू होते. रुग्णाच्या शरीरात पेसमेकर वा धातूची पट्टी आहे काय, खिशात किल्ली वा नाणी आहेत काय, चाकांची खुर्ची कोणत्या धातूची आहे, हे सारे तेथेच तपासले जाते. घाईत असलेल्या वरिष्ठ डॉक्टरांनाही दारात थांबविण्याचा अधिकार तंत्रज्ञास असावा लागतो. तो बजावण्याचे धैर्य मात्र प्रत्येक विद्यार्थ्यात सारखे नसते.

ब्रिटनसारख्या देशांत सोनोग्राफी बहुतांशी प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. भारतात स्त्रीभ्रूणहत्या रोखण्यासाठी करण्यात आलेल्या १९९४ च्या कायद्यामुळे ती करण्याचा अधिकार पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांपुरता राखून ठेवण्यात आला आहे. विद्यार्थी तिचे तत्त्व शिकतात, पण तपासणी करू शकत नाहीत.

या व्यवसायाचे नियमन दीर्घकाळ राज्यागणिक वेगवेगळे होते. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाच्या कायद्यात प्रतिमांकन तंत्रज्ञांना स्वतंत्र व्यावसायिक वर्ग म्हणून स्थान मिळाले. प्रवेशेच्छूंनी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील यंत्रांच्या छायाचित्रांवर विसंबून राहू नये. महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय कोणते, तेथे सीटी व एमआरआय यंत्रे प्रत्यक्ष कार्यरत आहेत काय, क्ष-किरण यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे काय आणि प्रात्यक्षिकासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःच्या नावाचा टीएलडी बिल्ला मिळतो काय, याची चौकशी शुल्क भरण्यापूर्वीच करावी.